मामांचं बॉयलरशास्त्र

जेवायला बसलेल्या माणसाला इतकं भेदरवून सोडणारा दुसरा इसम शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही, आणि तो इसम म्हणजे माझे सख्खे मामा. साखर कारखान्यात उभा जन्म बॉयलरवर काढून ते निवृत्त झाले, पण बॉयलर काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. माणसाचं शरीर म्हणजे कारखाना, अशी त्यांची ठाम श्रद्धा आहे. भाकरी-भात हे भट्टीतलं जळण, डाळी-अंडी हे झिजलेली मशिनरी दुरुस्त करणारे फिटर, लोह म्हणजे रक्तातून अंगभर प्राणवायू पोचवणारी गाडी, आणि लिंबू म्हणजे त्या गाडीला मागून दिलेला धक्का. केंदूरच्या एका लग्नात नवरदेवाच्या ताटात नुसता भात आणि बुंदी दिसली, तसे मामा पंगतीतून उठलेच. "आवं नवरदेव, नुसतं जळान टाकताय, फिटर कुठं हायेत?" म्हणत त्यांनी मटकीची उसळ वाढली आणि वर असं काही लिंबू पिळलं, की फोटोत नवरदेव एका डोळ्यानं रडताना दिसतो. जेवणावर लगेच चहा घेणाऱ्याची तर धडगत नाही. "आरं, लोखंडाची गाडी पंक्चर करतोस व्हय?" म्हणून ते व्याह्याच्या हातातली कपबशीसुद्धा काढून घेतात.

मागच्या वर्षी मामींना चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन अगदी तळाला. मामा खवळले. "मशिन चुकलं आसंल, डाक्टर. आमच्यात रोज पालेभाजी असती!"

डॉक्टरांनी मामींनाच विचारलं, "मावशी, तुम्ही काय जेवता?"

मामी पदर सावरत म्हणाल्या, "समद्यांचं झाल्यावर उरंल ते. न्हाईतर चहा-भाकरी."

परतताना मामांनी तळेगाव ढमढेऱ्याला जीप थांबवायला लावली आणि मामींसाठी गूळ-शेंगदाणे घेतले.

तेव्हापासून घरातलं पहिलं ताट मामींचं. मामा स्वतः वाढतात, लिंबू पिळतात आणि राखणीला बसतात. गोळ्याही वेळेवर देतात. रक्त वाढल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा पेढ्यांऐवजी आख्ख्या आळीला त्यांनी गूळ-शेंगदाणे वाटले आणि प्रत्येकाला ते समोर खायला लावले.

परवा गेलो, तर मामी संकोचून जेवत होत्या आणि मामांचं ताट तसंच पडलं होतं.

"मामा, भाकरी निवली तुमची."

"निवू दे. आख्ख्या तालुक्याची ताटं बघितली रं, हिचं तेवढं बघायचं राह्यलं."

"पुरं आता," म्हणत मामींनी आपली अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात ठेवली. मामा निमूटपणे जेवू लागले.  इतक्या वर्षांत त्या दोघांना एकत्र जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.