बँकेतली कशालाबाई

पनवेलच्या बाजारातल्या आमच्या सहकारी बँकेत, कॅशच्या खिडकीमागे एक बाई बसायची. पैसे काढायची स्लिप आत सरकवली की ती चष्म्यावरून बघायची आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "कशाला हवेत?" हळू बोलणं देवाने तिला दिलंच नव्हतं. तिचं खरं नाव आम्ही कोणी विचारलं नाही. आम्ही तिला कशालाबाई म्हणायचो.

लोक आधी बाहेर रसवंतीवर बसून उत्तर पाठ करायचे आणि मग आत जायचे. एकदा एका कोळणीचा नवरा बायकोच्या खात्याची स्लिप घेऊन आला. म्हणाला, "तिला बरं नाय, डाक्तरला द्यायचं हाय." बाईने खिडकीतून मान बाहेर काढली. "अरे, ती आत्ता सकाळी माझ्या दारात बोंबील विकून गेली. वर माझ्याशी भांडून गेली, चांगली ठणठणीत!" तो माणूस असा पळाला की छत्री तिथेच राहिली.

आमच्या गावाकडे तेव्हा एक खोड होती. सरकारने नव्या वसाहतीसाठी जमिनी घेतल्या, मोबदला खात्यात आला, आणि खेपा घालायला नकोत म्हणून लोक स्लिपबुकाच्या सगळ्या कोऱ्या पानांवर सह्या-अंगठे करून बुक जावयाच्या हातात द्यायचे. असं बुक सापडलं की बाई मालकासमोर टराटरा फाडायची. "एवढा विश्वास आहे तर घरच लिहून द्या जावयाला!" जावई शेजारी उभा असला तरी हेच. तिच्यापायी काही घरांत बोलणं बंद झालं, पण त्या घरांतला पैसा जागेवर राहिला.

माझं शिक्षण म्हणजे प्रौढांच्या वर्गातला एक हिवाळा. तिथे नाव लिहायला शिकलो आणि देवळापुढे सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की आता हा अंगठा फक्त तंबाखू मळायला. माझी सही मोठी झोकदार होती. शेवटी एक शेपूट काढायचो, कधी वर, कधी खाली, हाताची मर्जी असेल तसं.

त्या सुमाराला आमच्या सुकापुरात सफारी सूट घातलेला एक सफारीवाला जीप घेऊन यायला लागला. कुठेतरी लांब त्याच्या कंपनीचं सागाचं रान होतं म्हणे. पैसे भरा, तुमच्या नावाचं झाड लावू, झाड वाढेल तसा पैसा वाढेल. गुळगुळीत कागदावर रंगीत झाडं छापलेली होती. आणि मुख्य म्हणजे तो मला शेठ म्हणायचा. त्याच्याआधी मला कोणी शेठ म्हटलं नव्हतं.

जमिनीचे पैसे मी पोरांच्या ट्रकसाठी ठेवले होते. न्हावा शेव्याला बंदर सुरू झालं होतं, गाडी असेल त्याला काम होतं. जमीन गेली ती गेली, घरात होतं ते एवढंच. सफारीवाला म्हणाला, "शेठ, एक ट्रक काय घेता? झाड वाढू द्या, रांग लावा ट्रकांची." मला पटलं. बायको नको म्हणाली, तेव्हा जास्तच पटलं.

त्याच्याच जीपमधून बँकेत गेलो आणि सगळ्या पैशांची स्लिप आत दिली.

"कशाला हवेत, तात्या?"

"माजं पैसं हायेत, बाय. तुला कशाला सांगू?"

बाईने माझ्यामागे उभ्या असलेल्या सफारीवाल्याकडे बघितलं. "झाडवाले वाटतं! तात्या, झाड बघितलंत?"

"बगितला. कागदावर."

"बैल घेताना तोंड उघडून दात बघता ना? का बैलही कागदावर बघूनच घेता?"

बँकेतले लोक हसले, तसा मी आणखी ताठ झालो. "पैसं काड, बाय. शानपन नको."

"मॅडम, कस्टमरला असं अडवता येत नाही," सफारीवाला मागून म्हणाला.

"कोण अडवतंय?" म्हणत बाईने माझ्या नमुना सहीचं कार्ड काढलं, स्लिपशेजारी धरलं आणि तोंड वाकडं केलं. "सही जुळत नाही, तात्या. शेपूट चुकलं. अंगठा लावा, लगेच देते." आणि शाईची डबी खिडकीबाहेर सरकवली.

"मेलो तरी लावनार नाय!"

सफारीवाल्याला घाई होती. तो माझ्या कानाशी आला. "शेठ, लावा हो. एका अंगठ्याने काय बिघडतंय? तुमच्या गावात नाहीतरी सगळे अंगठेबहाद्दरच."

मी वळलो. पुढे त्याला जे बोललो ते इथे सांगता येणार नाही. बाईनेही कानावर हात ठेवला, पण एकाच. सफारीवाला जीप घेऊन एकटा गेला, मी एसटीने घरी आलो.

दिवाळीच्या आत त्याच्या ऑफिसला कुलूप लागलं. आळीतल्या बायका त्याच्या नावाने बोटं मोडत बसल्या, आणि आमच्या दारात ट्रक उभा राहिला. लोक म्हणतात बाईने वाचवलं. साफ चूक. त्याला मी हाकलला, मी! ट्रकचे पेढे मात्र पहिले तिला नेऊन दिले. माणुसकी म्हणून.

ती रिटायर झाली त्या दिवशी मुद्दाम गेलो. गळ्यात हार, हातात नारळ घेऊन उभी होती. मी म्हटलं, "बाय, आता तरी खरं बोल. त्या दिशी माजी सही जुलत व्हती का नाय?"

"नव्हती, तात्या."

"खोटं!"

"अहो, तुमची सही एकदाही जुळली नाही. इतकी वर्षं तुमचं तोंड बघून पैसे दिले मी. कार्ड काढलं ते फक्त त्या दिवशी."

मी चहा न पिता निघून आलो.

पुढच्या महिन्यात गेलो तर खिडकीत नवा माणूस. त्याने कार्ड काढलं, बघितलं, स्लिप परत सरकवली. "बाबा, सही जुळत नाही."

"सही ऱ्हाऊंदे. माजं तोंड बग."

"तोंड बघून पैसे मिळत नाहीत, बाबा."

"मिलत व्हते," मी म्हणालो, आणि बाकावर जाऊन बसलो. खरंच मिळत होते.