लावून बघितलेली किल्ली

किल्लीवाल्या काकांचा नियम सगळ्या गल्लीला पाठ होता. नवी किल्ली केली की ती गिऱ्हाइकासमोर कुलपात फिरवून बघायची, मगच हातात द्यायची. वर फुकटचा सल्ला, "दुसरी किल्ली त्याच घरात ठेवू नका." लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण असं चाळीस वर्षांत त्यांना कुणी म्हणू शकलं नव्हतं. ती पाळी त्यांनी स्वतःच ओढवून घेतली.

काकूंच्या स्वरयंत्रात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढणार, म्हणजे आवाज कायमचा जाणार. दवाखान्यातून सहाशे वाक्यांची यादी मिळाली. ती आधीच रेकॉर्ड करायची, म्हणजे पुढे बटण दाबलं की यंत्र काकूंच्याच आवाजात बोलणार. बसलेल्या घशाने काकू रोज तीसेक वाक्यं वाचायच्या. टिकटिक नको म्हणून काकांनी भिंतीवरचं घड्याळसुद्धा तीन आठवडे कपाटात कोंडलं.

सगळं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर साठत होतं. शेवटचं वाक्य झालं तसा काकांनी पेन ड्राइव्ह आणला, पडद्यावरचं 'हिचा आवाज' नावाचं चित्र ओढून त्यात टाकलं आणि नियमाप्रमाणे मेहुणीच्या घरी नेऊन दिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. आतून नुसती टकटक. काकांनी तो उचलून दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेला.

"डिस्क गेली, काका. कॉपी आहे ना?"

"आहे तर! मेहुणीकडे!" काका ऐटीत म्हणाले आणि पेन ड्राइव्ह घेऊन आले.

बाईंनी तो लावला. आतली एकुलती एक फाइल उघडायचा दोनदा प्रयत्न केला.

"यात आवाज नाही हो. हा शॉर्टकट आहे. आवाज कुठे ठेवलाय, त्याचा नुसता पत्ता. उघडून बघितलं नव्हतं का?"

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. दोन रुपयांच्या कुलपाचीही किल्ली फिरवून बघणारा माणूस, आणि हे बघितलं नाही! आतला आवाज परत मिळतोय का ते बघायला डिस्क बाहेर पाठवता येईल, पण महिना लागेल आणि खात्री नाही, असं बाई म्हणाल्या. दवाखान्यात त्याच संध्याकाळी पाच वाजता हजर व्हायचं होतं.

वाटेत त्यांच्या मनात आलं, सांगूच नये. ऑपरेशन होऊन जाऊ दे. पण दारात काकू उभ्याच होत्या आणि काकांना तोंड लपवणं कधी जमलंच नाही. त्यांनी सगळं सांगितलं. काकूंचे डोळे भरले, मग तेच डोळे असे काही तापले की काका मागे सरकले.

"घसा तासभर चालेल," त्या खरखरत म्हणाल्या. "मोबाइल काढा."

काकांनी यादी पुढे केली. काकूंनी ती भिरकावली. "'कृपया मला उशी द्या.' जन्मात मी कुणाला कृपया म्हटलंय?"

मग त्या आपलीच वाक्यं बोलल्या. पंखा बंद करा. माझ्याशी खोटं बोलू नका. ताईला फोन लावा. पुरे झालं, जेवा आता. बेचाळीस वाक्यं झाली आणि आवाज फाटायला लागला. त्रेचाळिसाव्याला त्यांनी काकांकडे रोखून पाहिलं.

"अहो, किल्ली लावून बघितली का?"

काका मोबाइल घेऊन धावत दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. तीन कॉपी केल्या. एक घरी, एक दुकानात, एक मेहुणीकडे. प्रत्येक कॉपी उघडून त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वाक्यं कानाला लावून ऐकली. दवाखान्यात पोचायला अर्धा तास उशीर झाला, नर्सची बोलणी खावी लागली.

ती डिस्क महिन्याने रिकामीच परत आली.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काका तिन्ही कॉपी टेबलावर मांडतात आणि एकेक वाजवतात. काकू शेजारी बसून भाजी निवडतात. शेवटचं वाक्य वाजलं की काका, तीनही वेळा, मोठ्याने उत्तर देतात, "बघितली गं, बघितली." आणि काकू हसतात. आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात.