बंडूभाऊची लाल गाडी आणि वहिनींचा माग

आमच्या सक्करदऱ्याच्या ग्रुपचे किस्से कुणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. दर हिवाळ्यात ते आपोआप साचतात, आणि चहाला चौघे जमले की एकामागून एक बाहेर पडतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच वस्तू सापडते. बंडूभाऊची लाल, दोन दारांची, रस्त्याला पोट टेकवून चालणारी सेकंडहँड स्पोर्ट्‌स कार!

बंडूभाऊचं साड्यांचं दुकान आहे. मौदा गावाच्या अलीकडे एका बंद कारखान्याच्या आवारात सरळसोट रस्ता आहे. दर जानेवारीत गाडीवेडी मंडळी तिथे सकाळी सकाळी जमतात आणि एकेक गाडी घड्याळ लावून पळवतात. आपली गाडी तिथे एकदा तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावी, एवढंच बंडूभाऊचं म्हणणं. पण नागपूरची थंडी आणि ही गाडी यांचं काही पटत नाही.

दोन हिवाळे फुकट गेल्यावर मंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, निकाल देऊन टाकला. त्या उमरेडच्या विणकर घरातल्या. माहेरचा हातमाग सुटा करून शेडमध्ये पडलेला, आणि तो लावायला जागा एकच, घरापुढचं पोर्च. तिथे ही लाल महाराणी!

"यंदा पळाली त ठेवा," वहिनी म्हणाल्या. "नाही पळाली त विका, अन् तिथं माहा माग लागते. हात शिवशिवून राहिले माहे."

"यंदा पळवतोच!" बंडूभाऊ म्हणाला. आता ते दोन हिवाळे वाया कसे गेले, ते ऐका.

*

पहिल्या हिवाळ्यात ऐन स्पर्धेच्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही. गारठ्यानं बॅटरी बसली होती. पुढच्या वर्षी बंडूभाऊनं चंग बांधला, बॅटरीला थंडी लागू द्यायची नाही! रोज रात्री ती डिकीतून काढायची, बेडरूममध्ये न्यायची, सकाळी परत लावायची.

एका सकाळी वहिनी उठल्या तर त्यांची नवी रजई गायब. पाहतात तो काय, रजई नीट चारी बाजूंनी खोचून बॅटरी झोपलेली!

वहिनी आम्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मले असं पांघरूण घातलं का गा यायनं कधी?"

*

बॅटरी वाचली, पण इंजिनाचं काय? आमचा गजूभाऊ कळमन्याला संत्र्यांचा व्यापारी. पेटीत संत्र्यांखाली धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घालतात, त्याची ऊब गजूभाऊच्या डोक्यात पक्की बसलेली.

"संत्रं टिकते, त इंजिन काहून नाही टिकणार?" असं म्हणून त्यानं दोन पोती तणस आणलं आणि बॉनेटखाली कोंबलं. चार दिवसांनी स्पर्धा, म्हणून बंडूभाऊ तणस काढायला गेला. बॉनेट उघडलं तर आत मांजर व्यालेली!

आमचा मेकॅनिक इरफानभाई हात मागे घेत म्हणाला, "मैं नही हटाता. नोचेगी!"

वहिनींनी लगेच दुधाची वाटी आणली. "पिल्लायचे डोळे उघडेपर्यंत गाडी हलणार नाही."

स्पर्धा झाली, बक्षिसं वाटली गेली, आणि आमची गाडी माहेरपणाला बसलेली!

*

यंदा मात्र बंडूभाऊनं सगळं इरफानभाईच्या सल्ल्यानं करायचं ठरवलं. इरफानभाईनं शिकवलं, की थंड हवा दाट असते, त्यात इंजिनाला जोर चढतो. पण या गाडीचे टायर उन्हाळ्याचे. गारठ्यात रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. हवेचं प्रेशरही उतरतं.

"म्हणजे इंजिनले थंडी पाहिजे अन् टायरले ऊन?" बंडूभाऊनं विचारलं.

"हाँ. तुमच्या घरासारखंच. एकाले पंखा, एकाले रजई!"

हे ऐकूनही दुसऱ्याच दिवशी पहाटे बंडूभाऊनं तलावाजवळच्या मोकळ्या रस्त्यावर थंड टायरवर ॲक्सिलरेटर दाबला. गाडी जागच्या जागी गर्रकन फिरली आणि आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली.

मफलर गुंडाळून फिरायला निघालेले एक काका थांबले. काचेत वाकून म्हणाले, "काहून गा, घरी काही विसरलं का?"

*

तेव्हापासून तो शहाणा झाला. रोज पहाटे टायरची हवा तपासायची, तेल गरम होईपर्यंत गाडी गोगलगायीसारखी चालवायची. एकदा मागून सायकलवर दूधवाला आला, बराच वेळ बरोबरीनं चालला. मग त्याला दया आली.

"भाऊ, धक्का मारू का?"

बंडूभाऊनं मान हलवली आणि त्याच चालीनं पुढे गेला. आम्ही हसलो, पण मला त्याचं खरंच कौतुक वाटलं. तिसरा हिवाळा, रोजची पहाट, आणि माणूस एक दिवसही चुकला नाही.

*

आणि स्पर्धेच्या सकाळी बॅटरी उचलताना त्याची कंबर धरली! सरळ उभं राहता येईना, त्या बुटक्या गाडीत शिरणं तर सोडाच. तरी इरफानभाईनं गाडी मौद्याकडे आणली. नियम असा, की मालक नाही तर घरचंच कुणी चालवायचं. दुकानाची व्हॅन रोज चालवतात मंदावहिनी. आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो आणि लगेच जमिनीकडे. गाडी पळाली नाही तर माग त्यांचाच लागणार होता!

बंडूभाऊ काठीवर वाकून म्हणाला, "मंदा, नसन चालवायची त नको चालवू. मी काही म्हणणार नाही."

वहिनींनी पदर खोचला, हेल्मेट चढवलं. "सरका तिकडे!"

त्यांनी आधी टायर गरम करायला सावकाश फेऱ्या मारल्या. मग रेषेवर गाडी उभी केली. झेंडा पडला आणि त्या थंड हवेत गाडी अशी सुटली, की गजूभाऊच्या हातातला चहा सांडला! या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, सरळ. बंडूभाऊ कंबर विसरून ओरडत होता आणि रडतही होता.

गाडी परत आली. काच खाली झाली. वहिनींचा चेहरा लालबुंद.

"उतर ना आता," बंडूभाऊ डोळे पुसत म्हणाला.

"थांबा जरा. आत्ता कुठं गरम झाली हे. मौद्यापर्यंत जाऊन येतो मी."

"अन् माग?"

"दुकानात लावू! तुमची गादी उचला तिथली!"