गोफण्याची फुई

माझं लग्न जमवताना मध्यस्थाने सगळ्यात मोठं आमिष दाखवलं ते हे: मुलाला आई-वडील नाहीत, म्हणजे पोरीला सासुरवास नाही. माझ्या आईने तिथल्या तिथे होकार दिला. गजराबाईंचं नाव त्या माणसाने शेवटपर्यंत काढलं नाही.

गजराबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची, नवनीतची, फुई. त्याच्या वडिलांची सख्खी बहीण. उंची बेताची, आवाज मात्र असा की आमच्या पपईच्या बागेतून मजुरांना हाक मारली तर तापीपलीकडच्यांनी ओ द्यावी. मी शाळेत शिक्षिका आहे, चाळीस पोरं गप्प बसवते, पण या बाईपुढे माझं काही चालत नाही. माझ्या हातची भाजी वाढली की नवनीत म्हणतो, "छान झालीये." तिच्या हातची वाढली की काही न बोलता ताट पुढे करतो. बायकोला एवढं कळतं. मला तिचा हेवा वाटतो, आणि तो झाकून ठेवण्याइतकी मी सोशिक नाही.

ती या घरात आली ती आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके घेतात, आमरस खातात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांनाही जेवायला बोलावतात. तेव्हा गजराबाईंच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. भाऊ हिंमतराव आणि भावजय तुळशीबाई यांना एका लग्नाला जायचं होतं आणि नवनीत दोन वर्षांचा. गजराबाई म्हणाली, "तुम्ही जा, पोऱ्या मन्हाजोडे ऱ्हाई." ते गेले. येताना गाडी उलटली. चार दिवसांसाठी आलेली लेक मग सासरी परत गेलीच नाही. नवऱ्याने वर्षभर वाट पाहिली आणि दुसरी केली.

पोरगा तिने वाढवला, पण आईची जागा घेतली नाही. भिंतीवर हिंमतराव आणि तुळशीबाईंचा लग्नातला फोटो आहे. तुळशीबाई विशीची, नाकात नथ, केसांत मोगरा. लहानग्या नवनीतला रोज त्या फोटोपुढे उभं करून हात जोडायला लावायची आणि म्हणायची, "हाई तुन्ही माय. मी फुई." तेव्हापासून 'माय' हा शब्द भिंतीवर आहे आणि फुई चुलीपाशी.

एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हा फोटोकडे बघत म्हणाली, "मरेल माणूसनं बरं ऱ्हास. त्यानी भाजी कधी खारी व्हत नही." हसत म्हणाली, पण मी हेवा ओळखते, घरचाच आहे. आमच्याकडे हेव्याची उतरंड आहे. खाली मी, माझ्यावर फुई, आणि सगळ्यात वर तुळशीबाई.

नवनीत शहाद्याला फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. दिवसभर वाढदिवसांचे आणि पुढाऱ्यांचे फलक करतो, आणि उरलेल्या वेळात त्याचा सुपरहिरो काढतो. त्याचं नाव गोफण्या. पाखरं हाकलायची गोफण हेच त्याचं हत्यार. वाळूचोरांपासून राक्षसांपर्यंत सगळे त्याच्या एका दगडात गार. बाहेर तो मराठी बोलतो आणि घरात अहिराणी. त्याचे आई-बाप लहानपणीच गेलेले, आणि त्याला वाढवते कोण, तर फुई. तीच बेताची उंची, तोच आवाज. राक्षस मारून आला तरी आधी विचारते, जेवलास का. पुण्याचे एक प्रकाशक त्याचे रंगीत अंक छापतात. पोरांना गोफण्यापेक्षा फुईच जास्त आवडते. त्या कॉमिकमध्ये मी कुठेही नाही. एकदा बाजाराच्या चौकटीत पाठमोरी बाई दिसली, तर ती भेंडी विकणारी निघाली.

गेल्या वर्षी पोरांचे निरोप येऊ लागले: गोफण्याचे आई-बाबा परत आणा. प्रकाशकांनीही धोशा लावला, की सुपरहिरोंच्या जगात मेलेलं कोणी कायमचं मेलेलं नसतं, परत आणा, अंक हातोहात जाईल. मी वर्गात विचारलं तर निम्मा वर्ग "आणा" म्हणाला. एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, आई-बाबा आले तर तो लढायला कशाला जाईल? घरीच बसेल ना." मी हे घरी सांगितलं. नवनीत म्हणाला, "लई वर्षं एकटा ऱ्हायना तो. एकदा तरी भेटू दे." तो कोणाबद्दल बोलत होता ते मी विचारलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी नवी पानं तयार झाली. गजराबाई चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. धुक्यातून हिंमतराव येतात, त्यांच्यामागे तुळशीबाई, तीच नथ, तोच मोगरा. गोफण्या गोफण टाकून धावतो आणि फुग्यात एवढंच लिहिलंय: "माय!" तिने तो शब्द वाचला. मग पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली.

"आनि फुई कोठे शे?"

"फुई गावले गयी," नवनीत म्हणाला. "एकच अंक. गर्दी व्हत व्हती."

"कोणता गावले गयी? फुईले गाव शे का?"

ती सांजोऱ्यांचं सारण भाजायला निघून गेली. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. चला, आता हीसुद्धा माझ्यासारखीच कॉमिकच्या बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची घागर भरून आणली, वर आंबा आणि सांजोरी ठेवली. गजराबाई कुंकवाची वाटी घेऊन उंबरठ्याशी बसली. आखाजीला उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं आणि दर बोटाला गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं, म्हणजे ते माणूस जेवायला येतं. तिने आजाचं घेतलं, आजीचं घेतलं, आई-बापाचं घेतलं. "हिंमत भाऊ," म्हणाली आणि थांबली.

"मायनं ऱ्हायनं, फुई," नवनीत म्हणाला.

"तिनं कसाले? ती ते जित्ती व्हई गयी तुन्हा पुस्तकमा. जित्ता माणूसनं बोट लावतस का?" तिने बोट पुन्हा कुंकवात बुडवलं. "जिले घर नही तिनं लावानं." आणि उंबरठ्याकडे हात नेत म्हणाली, "गजरा."

बोट टेकायच्या आत नवनीतने तिचं मनगट धरलं. वाटी कलंडली, त्याचा तळवा लाल झाला. हात त्याने कितीतरी वेळ सोडला नाही. आणि तेवढ्यातही मला हेवा वाटला, कारण माझा हात त्याने असा कधी धरलेला नाही.

मग तो आत गेला आणि नवं पान काढत बसला. नावं पुरी झाल्याशिवाय गेलेल्यांना घास नाही, आणि त्यांच्याआधी आम्हाला नाही. आमरसाला पाणी सुटलं. प्रकाशकांचा फोन वाजत राहिला, शेवटी मीच तो बंद केला. गजराबाई उंबरठ्यापाशी तशीच बसून होती.

दुपार कलल्यावर तो एक पान घेऊन आला आणि तिच्या मांडीवर ठेवलं. हिंमतराव आणि तुळशीबाई दारात उभे, उंबरठ्याच्या बाहेर. तुळशीबाईने हात पसरलेले. गोफण्या अर्ध्या वाटेत थबकून मागे वळलाय. चुलीपाशी फुई, पाठमोरी. गजराबाईने बोट ठेवून वाचलं: "फुई, यास्ले घरमा बोलावू का?"

फुईच्या तोंडाचा फुगा रिकामा होता.

"मंग फुई काय म्हने?" तिने विचारलं.

"माले काय माहीत," नवनीत म्हणाला. "घर तुन्हं शे. तू सांग."

तिने मान वर करून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चांगलं निरखून, एखाद्या पाहुणीकडे पाहावं तसं. मग सांडलेल्या कुंकवात बोट बुडवलं, भावाच्या बोटाशेजारी ठसठशीत उमटवलं आणि म्हणाली, "तुळशी."

"आते लिख," ती नवनीतला म्हणाली. "पाय धुईसन ये म्हना, जेवन तयार शे."

तो लिहायला लागला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चुलीकडे निघाली आणि आतल्या दारातून वळली.

"पन वाढसू मीच. तेबी लिख."