माझा जुना अल्बम

चूक माझीच. सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'रविवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये माझा जुना अल्बम घेऊन बसतोय. सर्वांनी यावे.' आमच्या वयाच्या माणसांना अल्बम म्हणजे लग्नाचाच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

माझा अल्बम म्हणजे इंग्रजी रॉकची जुनी तबकडी. सगळी गाणी मिळून एकच कथा. पहिल्या बाजूला पोरगा बापावर डाफरतो, दुसऱ्या बाजूला तोच म्हातारा होऊन आपल्या पोरावर डाफरतो. कॉलेजात असताना मी दुसरी बाजू फारशी लावतच नसे. आता पहिली लावली की त्या पोराला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

खरं तर मला ती ऐकवायची होती माझ्या मुलाला. तो ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये. "बाबा, त्यातलं बेस्ट गाणं पाठवा ना, गाडीत ऐकतो," म्हणाला होता. म्हणजे कादंबरीतलं एक बेस्ट पान फाडून द्या! शेवटी स्पीकर जोडायच्या निमित्ताने त्याला बोलावलं आणि शेवटपर्यंत बसायचं कबूल करून घेतलं. एकदा तरी त्याने माझ्या शेजारी बसून सगळं ऐकावं, एवढीच माझी हाव होती.

मंडळी आली ती जाडजूड अल्बम काखोटीला मारून. मी हट्टाने तबकडी लावली. आमचे चेअरमन इथल्या मूळ गावातले; इमारतीखालची जमीन एके काळी त्यांच्याच घरची. ते ओरडले, "ओ साहेब, आवाज कमी करा जरा! फोटो बगताना कायच समजत नाय. आनि तुमचा आल्बम कुठं हाय?"

"हा काय, वाजतोय."

त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

मुलगाही फोटोंत घुसला होता. मी धुमसत तबकडी उलटवली. तेवढ्यात बायकोने पिशवीतून आमचा अल्बम काढून त्याच्या मांडीवर ठेवला. हीसुद्धा फितूर! मी तो ओढून घ्यायला गेलो, तर मुलगा एका फोटोवर थबकला होता. खांद्यापर्यंत केस, त्यावर मुंडावळ्या, खाली बेलबॉटम.

"बाबा, यात तुम्ही माझ्यापेक्षा लहान आहात," तो हळूच म्हणाला आणि सरकून त्याने मला जागा केली.

मी त्याच्या शेजारी टेकलो. पुढची पानं आम्ही दोघांनी मिळून उलटली. दुसरी बाजू कधी संपली, मला कळलंच नाही. सुई नुसतीच खरखरत होती आणि चेअरमन मान डोलवत म्हणत होते, "हां, हे गानं बरं हाय. शांत."