एका खोलीचा हिवाळा

सर्बियातल्या निश शहरात माझ्या शेजारी वेस्नाबाई एकट्या राहत. निवृत्त शिक्षिका. थंडी पडली तशी त्यांनी मला पलंग स्वयंपाकघरात सरकवायला बोलावलं. जळाऊ लाकूड इतकं महागलं होतं की यंदा घरात एकच शेगडी पेटणार होती. पलंग आत आल्यावर त्यांनी झोपायच्या खोलीला कुलूप लावलं. म्हातारपणी जग आकसतं, हे मला ठाऊक होतं. बाजारभावही ते असं खोली-खोलीनं आकसवतात, हे त्या दिवशी पाहिलं.

त्यांनी कॉफी ठेवली.

"राहू द्या, कशाला उगाच?" मी म्हणालो.

"एवढी वेळ नाही आली अजून," त्या दुखावून म्हणाल्या.

पूड इतकी कमी घातली होती की कॉफी म्हणजे निव्वळ गरम पाणी होतं.

"छान झालीय," मी म्हणालो.

त्यांनी तोंड फिरवलं. माझं खोटं कौतुक त्यांना कळलं होतं.