लॅपटॉपचा वेग वाढवला तेव्हा
लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून माझा प्रबंध रखडलाय, असं मी चाकूरच्या कॉलेजात सहा वर्षं सांगत होतो. शेवटी इंटरनेटवर वाचून मीच प्रोसेसरचा आणि मेमरीचा वेग वाढवला. पडदा काळा झाला तो उजळेचना. प्रबंधाची दुसरी प्रत नव्हती.

नांदेडला दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी लॅपटॉपवर तळहात ठेवला, लेकराचा ताप बघावा तसा.

“काय केलतं, सर?”

“काही नाही. आपोआप बंद पडला.”

त्यांनी झाकण उघडून आतला बटणाएवढा सेल काढला, पदराने पुसला, जरा थांबून परत बसवला. पडदा उजळला.

“वेग वाढवला होता तुम्ही. सेल काढला की मशीन ते विसरते. पहिल्यासारखा झाला बघा. घाई कशाची हाय एवढी?”

“प्रबंध लिहून राहिलो.”

मी घाबरत फाइल उघडली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी पानं पाहिली. अकरा होती.

“मशीन लई वाट बघून राहिली तुमची,” त्या हळूच म्हणाल्या.

परतताना बसमध्येच मी बारावं पान सुरू केलं. चाकूर येईपर्यंत एक वाक्य झालं. ते मी चारदा खोडलं होतं, आणि लॅपटॉपने एकदाही उशीर केला नव्हता.